शस्त्र परवाना रद्द झाला तर: आदेश हातात पडल्यापासून उच्च न्यायालयापर्यंत

“…त्यामुळे सार्वजनिक शांतता व सुरक्षितता धोक्यात येण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब, खालीलप्रमाणे आदेश पारित करण्यात येत आहे.”

परवाना रद्द करणाऱ्या आदेशाचा शेवट बहुतेक वेळा असाच असतो. हा कागद घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं बोट दुसऱ्या वाक्यावर असतं, परवाना रद्द झाला त्यावर. मी त्यांना पहिलं वाक्य पुन्हा वाचायला सांगतो. शक्यता नाकारता येत नाही, असं कुणी म्हटलं? कशावरून? कोणत्या अहवालावरून? तो अहवाल तुम्हाला दाखवला होता का? अपिलात आणि पुढे उच्च न्यायालयात जे काही मिळतं, ते या प्रश्नांच्या उत्तरांतून मिळतं.

एक गोष्ट आधीच मान्य करून चालू. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत तसा घटनात्मक हक्क आहे, भारतात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही बोलून दाखवलं. त्यामुळे ‘माझा हक्क हिरावला’ या सुरात लिहिलेलं अपील फार पुढे जात नाही. पण दिलेला परवाना काढून घेताना कायद्याने नेमून दिलेल्या कारणांसाठी, तुमचं ऐकून घेऊन आणि कारणं लिहून काढून घेतला पाहिजे, हा तुमचा पक्का हक्क आहे. सगळी लढाई या पायावर उभी करायची.

आधी हातातला कागद ओळखा

लोक चार वेगळ्या गोष्टींना ‘परवाना गेला’ म्हणतात.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायला सांगतात, ते परवाना रद्द होणं नव्हे. त्यासाठी जिल्ह्यात स्क्रीनिंग समिती असते, प्रत्येक परवानाधारकाचा विचार ती करते आणि निवडणूक झाल्यावर शस्त्र परत मिळतं. नूतनीकरण नाकारलं असेल तर तो वेगळा आदेश. त्याचा विचार नव्या परवान्याच्या कसोट्यांवर, म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ आणि १४ खाली होतो. निलंबन म्हणजे ठरावीक काळासाठी परवाना थांबवणं. आणि रद्द करणं ते कायमचं. शेवटच्या दोन्ही गोष्टी कलम १७ खाली येतात.

पाचवा प्रकार विरळा, पण माहीत असावा. शस्त्र कायद्याखालच्या गुन्ह्यात दोषी ठरवताना न्यायालय स्वतःच परवाना रद्द करू शकतं. तिथे या लेखातला मार्ग लागू पडत नाही. शिक्षेविरुद्धच्या अपिलातच ते भांडायचं, आणि शिक्षा रद्द झाली की परवान्याबाबतचा तो आदेशही आपोआप गळून पडतो.

पहिले दोन दिवस: शस्त्र जमा करा, पावती घ्या

अपील करायचं म्हणून शस्त्र घरात ठेवू नका. आदेश कळल्यापासून ते तुमच्याकडे असणं बेकायदा ठरतं. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना वाचवायला निघालेल्या माणसावर नवा गुन्हा दाखल झाला, तर अपिलात बोलायला काही उरत नाही.

कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. विक्रेता भाडं घेतो, पण शस्त्राला तेलपाणी होतं. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत दोन पावसाळे काढलेली नळी मी पाहिली आहे. कोकणातल्या दमट हवेत तर विक्रेत्याकडेच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आदेशात ठिकाण नेमून दिलं असेल तर मात्र तिथेच द्या.

पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचा आतला व्यास), कारखान्याचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहून घ्या. ‘एक बंदूक जमा’ एवढ्यावर सही करून निघू नका. देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. परवान्याचं पुस्तकही विनाविलंब परत करावं लागतं, तेव्हा त्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा. कोरी पानंसुद्धा. कारण मागच्या नूतनीकरणांचे शिक्के आणि कसलाही शेरा नसलेली पानं हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

तारखा लिहून ठेवा

अपिलाची मुदत ३० दिवस आहे, आणि नियम ती आदेश निघाल्यापासून मोजतात. आदेश पोस्टाने यायला बारा दिवस लागले असतील तर पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का असलेलं ते पाकीट अपिलाला जोडायचं असतं. पोलीस शिपायाने घरी आणून दिला असेल तर पोचपावतीवर सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घाला.

मुदत मोजताना मुदत अधिनियमाचे नियम लागू होतात, म्हणजे आदेशाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात. उशीर झाला तरी दार बंद होत नाही. समाधानकारक कारण दाखवलं तर अपील अधिकारी तो माफ करू शकतात. त्यासाठी विलंबमाफीचा वेगळा अर्ज, शपथपत्रासह द्यावा लागतो. आजारपणाचं कारण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढंच लिहिलेला अर्ज मी कधी करू देत नाही.

आदेश वाचायचा कसा

कलम १७(३) मध्ये परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणं मोजकी आहेत. परवानाधारकाला कायद्यानेच शस्त्र बाळगायला मनाई असणं, त्याची मनःस्थिती ठीक नसणं, किंवा कोणत्याही कारणाने तो परवान्यास अयोग्य असणं. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी तसं करणं आवश्यक वाटणं. परवाना घेताना महत्त्वाची माहिती दडवलेली किंवा खोटी दिलेली असणं. परवान्याच्या अटींचा भंग. आणि परवाना हजर करण्याची नोटीस न पाळणं. एवढंच. ‘आता गरज उरली नाही’ असे शब्द या यादीत नाहीत. आदेश नुसता त्यावर उभा असेल तर तो मुद्दा अपिलात पहिल्या पानावर घ्या.

पेन्सिल घ्या आणि आदेशात तीन ठिकाणी खुणा करा. कोणतं कलम आणि कोणतं पोटकलम लिहिलं आहे? संदर्भ म्हणून कोणकोणते कागद दिले आहेत? (वरच्या बाजूला ‘वाचले’ या शब्दाखाली ते असतात.) आणि तुमच्या खुलाशाला उत्तर दिलेलं वाक्य कुठे आहे? ते वाक्य बऱ्याचदा नसतंच. ‘परवानाधारकाचा खुलासा समाधानकारक नाही’ एवढ्यावर विषय मिटवलेला असतो. का समाधानकारक नाही, याचं कारण नसेल तर तो आदेशातला मोठा दोष आहे. कारणं लेखी नोंदवणं कलम १७(५) ने बंधनकारक केलं आहे. मागणी केल्यावर कारणांचं थोडक्यात निवेदन तुम्हाला द्यावंही लागतं, फक्त ते देणं लोकहिताचं नाही असं प्राधिकाऱ्याचं मत असेल तर अपवाद. म्हणून आदेशात कारणं त्रोटक असतील तर त्याच आठवड्यात लेखी मागणी करा आणि तिच्यावर आवक शिक्का घ्या.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, म्हणजे हे कसं घडतं ते दिसेल. कोकणातले एक बागायतदार. आंबा, काजू, थोडी भातशेती. वडिलांच्या पश्चात त्यांच्या नावावर झालेली एकनळी बंदूक, शेतीसंरक्षणाचा परवाना, २२ वर्षांत एकही तक्रार नाही. चुलतभावाशी बांधावरून वाद झाला, शिवीगाळ झाली, पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली आणि मागोमाग दोघांवरही चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईची नोटीस निघाली. मग परवाना का रद्द करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. हे गृहस्थ सातव्या दिवशी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेले, परवाना शाखेतल्या कारकुनासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, भावाभावांतलं भांडण आहे, बंदुकीचा काही संबंध नाही.” कारकून बरा माणूस होता. बघतो म्हणाला. तीन महिन्यांनी आदेश आला. त्यात लिहिलं होतं: “परवानाधारकास संधी देऊनही त्यांनी खुलासा सादर केला नाही.”

ते वाक्य खोटं नव्हतं. कागदावर काहीच नव्हतं. आपण तोंडाने बोललो म्हणजे सांगितलं असं आपल्याला वाटतं, पण फाईलला ऐकू येत नाही. अजून तुम्ही नोटिशीच्याच टप्प्यावर असाल तर या लेखातली तुमच्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच: खुलासा लेखी द्या, कागदपत्रं जोडा, प्रत्यक्ष सुनावणी मागा, ज्या पोलीस अहवालावरून नोटीस काढली त्याची प्रत मागा आणि स्थळप्रतीवर, म्हणजे स्वतःकडे ठेवायच्या प्रतीवर, शिक्का घ्या. पुढचं प्रत्येक प्राधिकरण तो कागद वाचणार आहे.

गुन्ह्याचे कागद: इथेच प्रकरण फिरतं

परवाना रद्द होण्यामागे बहुतेक वेळा दाखल झालेला एखादा गुन्हा असतो. तेव्हा त्या गुन्ह्याची आजची स्थिती कागदावर दाखवणं हे निम्मं काम.

पोलिसांनी तपास करून समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल तर कोणती, ते पाहा. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ किंवा ‘क’ असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत हवी. पोलिसांनी पाठवलेला नुसता अहवाल पुरत नाही. खटला चालून सुटका झाली असेल तर निकालपत्र पूर्ण जोडा आणि सुटका कशामुळे झाली ते स्वतः वाचा. साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटलेला आणि फिर्यादच अविश्वसनीय ठरल्यामुळे सुटलेला, यांच्याकडे अपील अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत. खटला प्रलंबित असेल तर फिर्याद नीट वाचा. तिच्यात शस्त्राचा उल्लेख आहे का? केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावरून सार्वजनिक शांततेला धोका सिद्ध होत नाही, अशी भूमिका उच्च न्यायालयांनी, विशेषतः अलाहाबाद उच्च न्यायालयाने, पुष्कळ निकालांत घेतलेली आहे. दोन माणसांमधला वाद आणि सार्वजनिक शांतता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे अपिलात ठासून लिहा.

आता चॅप्टर केसबद्दल, कारण इथे माणसं नकळत स्वतःचं नुकसान करून घेतात. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केल्यावर “सही करून टाका, वर्षभराचा बाँड आहे, मोकळे व्हाल” असा सल्ला मिळतो. पण शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून देण्याचा आदेश झाला, की त्या बाँडच्या मुदतीत कलम ९ प्रमाणे तुम्हाला शस्त्र बाळगायलाच मनाई होते. म्हणजे परवाना रद्द करायला आयतं कारण. तुमच्याकडे परवाना असेल तर ही सही करण्याआधी वकिलाला विचारा आणि गरज पडली तर ते प्रकरण गुणदोषांवर लढवा. आमच्या बागायतदारांच्या बाबतीत सुदैवाने अंतिम आदेश झालाच नव्हता, नोटीस निघून कार्यवाही बंद झाली होती. परवाना रद्द करणाऱ्या आदेशात मात्र ‘प्रतिबंधक कारवाई करण्यात आली आहे’ असं लिहिलेलं. ती कारवाई बंद झाल्याची प्रत आम्ही तहसील कार्यालयातून काढली आणि अपिलाला पहिलं परिशिष्ट म्हणून लावली.

लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढल्याचं प्रकरण असेल तर खोट्या आशेवर राहू नका. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवणं आणि उडवणं यावर शस्त्र नियम, २०१६ मध्ये सक्त मनाई आहे आणि परवाना रद्द होण्याला तेवढं कारण पुरतं. त्यातून दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोबाइलवरचा व्हिडिओ फाईलमध्ये असताना ‘मी नव्हेच’ म्हणणाऱ्याची बाकीची बाजूही कुणी ऐकत नाही.

आणि एक मनापासून सांगतो. तक्रार घरातली असेल, बायकोने किंवा मुलाने बंदूक दाखवून धमकावल्याचं म्हटलं असेल, किंवा घरात कुणी जीव द्यायच्या विचारात असेल, तर परवाना परत मिळवायची घाई करू नका. शस्त्र घराबाहेर आहे ते राहू द्या. अशी कामं मी स्वतः घेत नाही.

अपील कुणाकडे?

शीर्षकात न्यायालय म्हटलं असलं तरी पहिली पायरी न्यायालयाची नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून वर्षं घालवलेली माणसं मला भेटली आहेत. कलम १८ खालचं अपील प्रशासनातल्या वरिष्ठाकडे होतं. महाराष्ट्रात आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असेल तर अपील विभागीय आयुक्तांकडे. राज्यात कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा विभाग आहेत. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत परवाना पोलीस आयुक्त देतात आणि रद्दही तेच करतात. त्यांच्या आदेशावरचं अपील राज्य शासनाकडे, गृह विभागात जातं. आदेशाच्या तळाशी अपील कुठे करायचं ते छापलेलं असतं का पाहा. नसेल तर त्याच कार्यालयाला लेखी विचारा.

आदेश शासनानेच दिलेला किंवा शासनाच्या निर्देशावरून काढलेला असेल तर कलम १८ चं अपील होत नाही. मग थेट उच्च न्यायालय.

अपिलाचा मसुदा

अपील अर्ज लेखी असतो. सोबत आदेशाची प्रत, कारणांचं निवेदन मिळालं असेल तर ते, आणि ठरलेलं शुल्क भरल्याची पावती. शुल्काची सध्याची रक्कम कार्यालयात विचारूनच भरा. कमी शुल्कामुळे त्रुटीत पडलेल्या अपिलाचे दिवस फुकट जातात.

मसुद्यात आधी हकिगत तारीखवार लिहा, विशेषणं न लावता. परवाना कधी मिळाला, किती वेळा नूतनीकरण झालं, नोटीस कधी आली, खुलासा कधी दिला, आदेश कधी मिळाला. मग आक्षेपाचे मुद्दे, एकेका परिच्छेदात एकेक. आम्ही लिहिलेला एक परिच्छेद असा होता:

“आदेशात नमूद अदखलपात्र गुन्ह्याच्या तक्रारीत शस्त्राचा वापर केल्याचा अथवा शस्त्र दाखवल्याचा आरोप तक्रारदारानेही केलेला नाही. घटनेच्या दिवशी शस्त्र अपीलकर्त्याच्या घरी कपाटात कुलूपबंद होते. परवाना मिळाल्यापासून २२ वर्षांत शस्त्राच्या गैरवापराची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात नाही. ज्या पोलीस अहवालावर आदेश आधारलेला आहे, त्याची प्रत अपीलकर्त्यास देण्यात आलेली नाही व त्यावर म्हणणे मांडण्याची संधीही मिळालेली नाही.”

चार वाक्यं, चारही कागदाने दाखवता येण्यासारखी. याऐवजी लोक काय लिहितात? ‘अपीलकर्ता प्रतिष्ठित घराण्यातील असून समाजात मानमरातब आहे.’ त्याने काहीही साधत नाही. उलट वाचणाऱ्याला वाटतं की बंदूक मिरवण्यासाठीच हवी आहे. गरज सांगायचीच असेल तर ठोस सांगा: रानडुकरांनी आणि माकडांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे, रोकड नेण्याचा व्यवसाय असेल तर त्याचे कागद, पूर्वी मिळालेल्या धमकीची तक्रार.

माहिती दडवल्याचा आरोप असेल तर मूळ अर्जाची प्रत काढा. अर्जात नेमकं काय विचारलं होतं, त्या तारखेला तो गुन्हा अस्तित्वात होता का आणि तुम्हाला त्याची माहिती होती का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. मनःस्थितीचा मुद्दा असेल तर शासकीय रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र लावा.

पोलीस अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, १० रुपयांत होतो. पण उत्तराची मुदत ३० दिवस आणि अपिलाची मुदतही ३० दिवस, हे लक्षात घ्या. उत्तराची वाट पाहत अपील थांबवू नका. ‘कागदपत्रे मिळाल्यावर अधिक मुद्दे मांडण्याचा हक्क राखून’ अशी ओळ टाकून अपील दाखल करा. तपास चालू असल्याच्या कारणावरून अहवाल नाकारला गेला तर ते उत्तरसुद्धा जोडा. कागद मागूनही मिळाला नाही, हा त्याचाच पुरावा.

नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. खरं सांगायचं तर परवाना तात्पुरता परत देणारी स्थगिती क्वचित मिळते. पण त्याच अर्जात दुसरी, अधिक महत्त्वाची विनंती करा: अपिलाचा निकाल लागेपर्यंत जमा शस्त्र सरकारजमा करू नये. जमा शस्त्र ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही तर कलम २१ खाली ते सरकारजमा होऊ शकतं. परवाना मिळाला आणि बंदूक गेली, असं व्हायला नको. दरम्यान परवान्याची मुदत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्जही देऊन ठेवा.

सुनावणी

तुम्हाला ऐकून घेतल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, असं कायदाच म्हणतो. तारखा मात्र पडत राहतात. प्रत्येक तारखेला हजर राहा आणि रोजनाम्यात हजेरी लागली ना, ते बघा. बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात, म्हणून लेखी युक्तिवाद तयार ठेवा: चार पानांहून जास्त नको, प्रत्येक मुद्द्यापुढे परिशिष्टाचा पान क्रमांक. पोलिसांकडून नवा अहवाल मागवला गेला तर त्याची प्रत आणि उत्तरासाठी वेळ मागा. ओळखीपाळखीने काम होईल असं कुणी सांगितलं तर तिकडे जाऊ नका. पुढे न्यायालयात फाईल उघडली जाते तेव्हा असा आदेश टिकत नाही.

उच्च न्यायालय

अपिलातला निर्णय कायद्याने अंतिम आहे. त्यावर दुसरं अपील नाही. पण घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे प्रशासनाचा निर्णय तपासून घेण्याची याचिका, करता येते. मुंबई उच्च न्यायालयाचं काम मुंबईसह नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर खंडपीठांत चालतं, गोव्यासाठी पर्वरीला खंडपीठ आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची खेप वाचली आहे.

तुम्हाला बंदूक द्यावी की नाही, हे न्यायालय ठरवत नाही, हे आधीच समजून घ्या. निर्णय कसा घेतला, ते तपासतं. त्यामुळे याचिकेतले मुद्देही तसेच असावे लागतात: ऐकून घेतलं नाही, अहवाल दिला नाही, कारणं नाहीत, असंबद्ध गोष्टींवर भर दिला, कलमात न बसणारं कारण घेतलं, किंवा अधिकाऱ्याने स्वतःची बुद्धी न चालवता दुसऱ्याचं म्हणणं उतरवलं.

या शेवटच्या मुद्द्यावरचा मोठा निकाल आपल्याच मुंबईतला आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी दिली आणि मग शासनाच्या सांगण्यावरून रद्द केली. १९५१ मध्ये गोर्धनदास भानजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकार ज्याला दिला आहे त्यानेच तो स्वतः विचार करून वापरला पाहिजे, आणि सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणावरून नव्हे. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालात हेच पुढे नेलं गेलं. आदेश म्हणजे काही जुनी होत जाईल तशी चढत जाणारी दारू नव्हे, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर तिथे म्हणाले. सरकारी वकिलांनी शपथपत्रात नवी कारणं भरली की आम्ही हा निकाल पुढे करतो. ‘संबंधित पोलीस ठाण्याने प्रतिकूल अहवाल दिला, सबब परवाना रद्द’ अशा आदेशांना ही दोन्ही उदाहरणं चपखल बसतात.

कलम १८ चं अपील न करता थेट रिट केली तर न्यायालय सहसा परत पाठवतं. नैसर्गिक न्यायाचा भंग, म्हणजे बाजू ऐकून न घेणं, उघड दिसत असेल किंवा आदेश देणाऱ्याला अधिकारच नसेल, तर पर्यायी मार्ग असूनही याचिका ऐकता येते, हे व्हर्लपूल प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. तरीही माझा सल्ला असा, की अपील आधी करा. फाईलवर मुद्दे चढतात, आणि काही प्रकरणं तिथेच मिटतात.

याचिकेसाठी ठरावीक मुदत नाही, पण वर्षभर झोपून राहिलात तर उशिराचं उत्तर द्यावं लागतं. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी आदेश, खुलासा आणि पोलीस अहवालाची भाषांतरं आधीच करून ठेवा. ‘नाकारता येत नाही’ सारख्या वाक्याचं भाषांतर गुळगुळीत होऊ देऊ नका. वाक्यातला अंदाजपणा इंग्रजीतही दिसला पाहिजे. मागण्या दोन ठेवा: दोन्ही आदेश रद्द करून परवाना पूर्ववत करावा, आणि तसं न झाल्यास ठरावीक आठवड्यांत, सुनावणी देऊन नव्याने निर्णय घ्यावा.

दुसरीच मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. प्रकरण फेरविचारासाठी परत जातं. हरलो असं समजून लोक खट्टू होतात आणि फेरसुनावणीकडे दुर्लक्ष करतात. तसं करू नका. आता त्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दाखवलेले दोष टाळून, तुमच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत आदेश लिहायचा असतो. न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन आठवड्याभरात त्यांच्याकडे अर्ज द्या आणि सगळे कागद नव्याने जोडा.

परवाना परत मिळाल्यावर

आदेश तुमच्या बाजूने झाला म्हणून लगेच शस्त्र आणायला जाऊ नका. आधी परवान्याच्या पुस्तकावर तशी नोंद आणि मुदत नीट घालून घ्या, तुमचा यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) ऑनलाइन नोंदीत चालू दिसतो का ते शाखेत विचारून पाहा, मग जमा केलेल्या ठिकाणी लेखी अर्ज द्या.

आमच्या बागायतदारांना विभागीय आयुक्तांनी प्रकरण परत पाठवून दिलासा दिला आणि फेरसुनावणीत परवाना पूर्ववत झाला. जमा केल्यापासून सव्वा वर्ष गेलं होतं. ताबा घ्यायला मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. मुद्देमाल कारकुनाने बंदूक टेबलावर ठेवली आणि पोचपावतीचं पुस्तक पुढे केलं. आम्ही आधी जुनी पावती काढली, नळीवरचा क्रमांक बोट ठेवून अंकाअंकाने जुळवला, काडतुसं मोजली. अकरा जमा होती, अकरा भरली. घोड्याजवळ गंज चढला होता. पोचपावतीवर ‘घोड्याजवळ गंज, शस्त्र तपासणीस पात्र’ असं लिहायला लावलं, मग सही केली. आणि बंदूक घरी न नेता तशीच परवाना असलेल्या कारागिराकडे दिली, कारण गंजलेला घोडा तपासल्याशिवाय त्यात काडतूस घालायचं नसतं.